दौलतबीच्या विहिरीचं कुलूप

(उमरखेड तालुक्यातल्या एका गावाची शीव. श्रावणातली दुपार. जुन्या विहिरीभोवती तारेचं नवं कुंपण, फाटकाला कुलूप, वर निळ्या अक्षरांचा बोर्ड. विहिरीचे मुतवल्ली, म्हणजे राखणदार, शेख रुकनोद्दीन चिंचेखाली खाटेवर. समोर अकरावीतली नात जुवेरिया. दप्तर अजून पाठीवरच.)

जुवेरिया: ...अन् ते सारं एसटीत, दादामियाँ! भरलेल्या एसटीत! संगीता रोज माह्या शेजारी बसते. आज मी जागा धरली, तर ते उभीच राह्यली. उमरखेडपासून इथपर्यंत दांड्याले लटकून आली, पण बसली नाही. विचारलं तर म्हणते, तुह्या घरच्या विहिरीवर आमाले मनाई, मंग तुह्या सीटवर मी काहून बसू?

दादामियाँ: पोरीपोरीचं भांडण. उद्या बसन.

जुवेरिया: नाही बसणार. चावी द्या.

दादामियाँ: आवाज खाली घे. रस्त्यानं लोक जाऊन राह्यले.

जुवेरिया: जाऊ द्या! ऐकू द्या! आज सकाळी तांड्यातल्या भुरीबाई अन् हंसाबाईले तुम्ही याच फाटकातून रिकाम्या घागरींसकट वापस पाठवलं.

दादामियाँ: वापस नाही पाठवलं. समजावून सांगितलं. चार दिवस थांबा म्हटलं.

जुवेरिया: चार दिवस? उद्या तांड्यात तीज बसते! पोरी टोपल्याईत गहू पेरतीन. नऊ दिवस त्याले पाणी घालतीन, अन् ते पाणी याच विहिरीचं लागते. नळाचं चालत नाही, हापशीचं चालत नाही. शेंबड्या पोराले माहीत आहे हे. तुम्हाले नाही माहीत?

दादामियाँ: मले शिकवू नको. सत्तर वर्सं पाहून राह्यलो त्याईची तीज.

जुवेरिया: मंग?

दादामियाँ: मंग काय? गुरुवारी वक्फ बोर्डाचा माणूस येऊन राह्यला. तपासनी आहे. फोटो काढन, टेप लावन. आपण फॉर्मात काय लिहिलं? मस्जिदीची विहीर, नमाजींच्या वजूसाठी. अन् तो येऊन पाह्यते तर आत तांड्याच्या पोरी गाणे म्हणत घागरी भरून राह्यल्या! तो काय म्हणन?

जुवेरिया: म्हणन, म्हाताऱ्यानं खोटं लिहिलं. अन् बरोबर म्हणन!

दादामियाँ: जुवी!

जुवेरिया: मस्जिद कुठं आहे, दादामियाँ?

दादामियाँ: कुठं म्हणजे? गावात.

जुवेरिया: गावात. इथून दीड किलोमीटर. मधात नाला, मधात पांदण. इथं वजूले हातपाय धुऊन माणूस निघाला तर तिथं पोहोचेपर्यंत गुडघ्याएवढा चिखल! परत पाय धुवा! तोपर्यंत नमाज संपून इमामसाहेब जेवाले बसले असतीन!

दादामियाँ: दादाची मस्करी करतं?

जुवेरिया: मस्करी नाही, राग आहे. हसू येते ते रागातच येऊन राह्यलं. तुम्हीच सांगा, आजवर एका तरी नमाजीनं इथं वजू केलं?

दादामियाँ: तुले राग दिसते, मले भेव दिसते. पल्याडच्या गावातली तकियाची जागा आठवते? फकिराची झोपडी होती, कडुनिंब होता.

जुवेरिया: आठवते.

दादामियाँ: माह्या बापाच्या आधीपासून वक्फ होती ते. पण हाती कागद नव्हता. एका जुम्म्याले गेलो तवा कडुनिंब उभा होता. दुसऱ्या जुम्म्याले गेलो तर तिथं ढाब्याचा बोर्ड. पोरं बिर्याणी खाऊन राह्यले. मी विचारलं, तर एक जण म्हणते, चाचा, पार्सल पाह्यजे का? म्हणून आपली विहीर सरकारी पोर्टलवर चढवा म्हणाले सारे. मुदत आहे म्हणाले. आपल्याजवळ दौलतबीनं विहीर दिल्याचा कागद आहे? नाही. पुराच्या साली पेटीसंग भिजला, लगदा झाला. उघड्या विहिरीले कोण विचारते, बेटा? मस्जिदीचं नाव असलं की माणूस दहा वेळा विचार करते. मी काय विहीर विकून खाल्ली? चाळीस वर्सं झाली मुतवल्ली होऊन. दर उन्हाळ्यात गाळ काढतो. या चिंचेचं एक बुटूक घरी नेलं नाही. चिंच विकली तर त्याच्यातून दोर आणला, बादली आणली, चाकाले तेल आणलं. तुह्या अब्बाच्या लग्नात चिंचगुळाच्या आमटीले चिंच बाजारातून आणली मी! बाजारातून! अन् तू मले खोटा म्हणतं?

जुवेरिया: चोर नाही म्हटलं. खोटं लिहिलं म्हटलं. दोन्ही वेगळं आहे.

दादामियाँ: मोठी वकील आली.

जुवेरिया: वकील तुम्हीच केलं. मी सहा वर्षांची होती तवा याच खाटेवर बसून हजरत उस्मानांची विहीर कोणं सांगितली? मदिन्यात गोड्या पाण्याची एकच विहीर, अन् तिचा मालक मशकीमागं पैसे घेते. गरिबानं काय प्यावं? मंग हजरत उस्मानांनी अर्धी विहीर घेतली. एक दिवस त्याईचा, एक दिवस मालकाचा. त्याईच्या दिवशी पाणी फुकट. लोक एकाच दिवशी दोन दिवसाचं भरून नेत. मालकाच्या दिवशी काळं कुत्रं फिरकेना! शेवटी त्यानं उरलेली अर्धी पण विकली. मी किती हसली होती! तुम्हाले आठवते, मी काय विचारलं होतं?

दादामियाँ: नाही आठवत.

जुवेरिया: मी विचारलं, मंग उस्मान त्या विहिरीचे मालक झाले का? तुम्ही म्हणाले, नाही बेटा. वक्फ केलं की माणसाची मालकी सुटते, मालक अल्लाह. विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, पोराबाळाले वाटता येत नाही. मूळ तसंच उभं ठेवायचं अन् फळ वाटत राह्यचं. हजरत उमरांनी खैबरची आपली सर्वांत लाडकी जमीन अशीच दिली, म्हणाले. मी म्हटलं, लाडकी काहून दिली? नावडती द्यायची! तुम्ही म्हणाले, नावडती दिली तर ते देणं कशाचं?

दादामियाँ: पुरे.

जुवेरिया: अन् ज्यानं दिलं त्याची शर्त? त्याची शर्त कोणाले मोडता येत नाही म्हणाले. काजीले नाही, बादशाहाले नाही. मंग मुतवल्लीले मोडता येते का?

दादामियाँ: पुरे म्हटलं न! ...ते पाय, रुपीबाई येऊन राह्यली. भुरीची सासू. तिच्यासमोर तमाशा करू नको.

जुवेरिया: संगीताची आजी आहे ते, माही बी याडी, आईवानी. तिच्यासमोरच करीन.

रुपीबाई: कोन करून राह्यलं तमाशा? तमाशा कराले मी आली. काठी टेकत दोन शेतं तुडवत आली. रुकनभिया, उठ खाटेवरून.

दादामियाँ: बस, बाई. बस इथं.

रुपीबाई: बसाले नाई आली! तुले ठाऊक आहे, आज भुरीचं काय झालं? तीजच्या आदल्या दिसी रिकामी घागर घेऊन बाई तांड्यात शिरत नसते. ते बाहीर धोंड्यावर बसून राह्यली. रडली नाई, रांड मोठी कडक आहे, पन बसून राह्यली. मी घरातून तांब्याभर पानी नेलं, तिच्या घागरीत टाकलं, तवा ते आत आली. पस्तीस साल झाले तिच्या लग्नाले. पयल्यांदा सासूनं सुनेले वेशीवर पानी देल्लं. कोनापायी? तुह्यापायी!

दादामियाँ: माह्या मनात तसं काही नव्हतं, रुपीबाई. चार दिवसाची गोष्ट होती.

रुपीबाई: चार दिसानं गहू पेरू? मंग नऊ दिस भरतीन आठी, गोकुळाष्टमी, सरल्यावर? देवाले सांगू, थांब, मियाँभाईचा साहेब येऊन राह्यला?

जुवेरिया: तेच म्हणून राह्यली मी कवाची, याडी!

रुपीबाई: अन् हे पाटीवर काय लिवलं? मले वाचता येत नाई. संगीतानं सांगतलं तर मले खरं नाई वाटलं. वाच पोरी, मोठ्यानं वाच.

जुवेरिया: राहू द्या न, याडी.

रुपीबाई: वाच न! आताच तर भोंग्यावानी बोलत होती. दुरून ऐकू येत होतं मले.

जुवेरिया: "मस्जिदीची विहीर. वक्फ मिळकत. बाहेरच्या लोकांस सक्त मनाई."

रुपीबाई: बाहीरच्या. आमी बाहीरचे. रुकनभिया, तुह्या लेकाचा पाय मोडला तवा खाट उचलून दवाखान्यात नेनारे कोन होते? तांड्याचा नायक डोंगरसिंग अन् माहा लेक संजय. ते आतले होते का बाहीरचे?

दादामियाँ: आतले होते.

रुपीबाई: लय सुबक लिवलं पन. कोन्या पेंटरनं लिवलं? त्याचे हात झडून पडो!

दादामियाँ: बाई, तसं नको म्हणू.

रुपीबाई: काहून? तुह्या लागते का तो कोनी?

जुवेरिया: मी लिहिलं, याडी.

रुपीबाई: काय?

जुवेरिया: मी लिहिला बोर्ड. माह्या अक्षराले तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं होतं. दादामियाँ म्हणाले लिहून दे, तर मी निळा रंग घोळला अन् लिहिला. "सक्त" मीच टाकलं. दादामियाँनी नुसती मनाई सांगितली होती. मले वाटलं, सक्त म्हटलं की भारी वाटन.

रुपीबाई: अन् तो फारम? पोर्टलाचा?

जुवेरिया: तो बी मीच भरला. मोबाइलवर. हेतू विचारला तवा तिथं यादी उघडली. त्यात विहीर होती, सराय होती, सारंच होतं. दादामियाँ म्हणाले, मस्जिद दाब. माहा दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीचा पेपर होता. मी दाबलं.

रुपीबाई: म्हंजे कुलूप म्हाताऱ्यानं लावलं, अन् लोखंड तू वतलं.

जुवेरिया: हो.

रुपीबाई: मंग कवाची कोनावर वरडून राह्यली व तू? दादाले फाडून खाल्लं, अर्ध्या रस्त्यापोतर ऐकू आलं! माही संगी घरी येऊन पालथी पडली आहे, भाकर खाल्ली नाई. अन् तू इथं उस्मान का फुस्मान सांगून राह्यली!

दादामियाँ: रुपीबाई! पैगंबरसाहेबांचे जावई होते ते. तोंड सांभाळ.

रुपीबाई: माफी. त्याईचं काई चुकलं नाई. पन तुमचं दोघाईचं चुकलं.

जुवेरिया: चुकलं. माहं जास्त चुकलं. दादामियाँ भेले होते. मी भेली पण नव्हती, मले फक्त अभ्यासाले जायचं होतं. मले माह्याच तोंडात मारून घ्यावं वाटते, म्हणून मोठ्यानं बोलून राह्यली. बोला, काय बोलायचं ते बोला मले.

रुपीबाई: बोलते. बसते अन् बोलते. सरक, भिया. ...पोरी, ही विहीर कोनाची म्हनून सांगतलं तुले घरी?

जुवेरिया: दौलतबीची. दादामियाँच्या पणजीची. फार नेक बाई होती. आपल्या आईच्या नावानं पुण्य, सवाब मिळावा म्हणून तिनं ही विहीर वक्फ केली.

रुपीबाई: असंच आहे का, भिया?

दादामियाँ: असंच ऐकलं. अब्बा हेच सांगत.

रुपीबाई: तुह्या अब्बानं अर्धं सांगतलं. उरलेलं अर्धं आमच्या तांड्यात आहे. माही याडी सांगे, तिची याडी सांगे. तवा आमच्यापाशी शेती नव्हती. बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरत. पावसाचे चार महिने बैल चालत नसत चिखलात, तवा तांडा एका जाग्यावर बसे. त्या साली इथं बसला, या माळावर. श्रावन लागला अन् पानी गेलं. आभायात ढग, पन थेंब नाई. पोरीईनं तीज पेरली होती. गव्हाले कोंब आले, बोटभर. अन् नाला आटला.

जुवेरिया: मंग या विहिरीवर आल्या?

रुपीबाई: आल्या. तवा ही वक्फ-बिक्फ नव्हती. दौलतबीच्या नवऱ्याच्या हाती होती. त्यानं विहिरीवर बाभळीचे काटे टाकले. म्हने, मानसाले नाई पुरत, तुमच्या टोपल्याले कुठून देऊ? पोरी तीन दिस आल्या, तीन दिस वापस गेल्या. चौथ्या दिसी तीज सुकली.

जुवेरिया: सुकली?

रुपीबाई: पिवळी पडली, मंग पांढरी. पोरी, आमच्यात तीज सुकत नसते. ज्या साली तीज सुकली त्या साली कोन्याच पोरीचं लगन केलं नाई तांड्यानं. चौदा पोरी होत्या. माह्या याडीच्या याडीची आजी त्याच्यात होती. तिले गानं येत होतं त्याचं. मले नाई येत आता पुरं. येवढंच येते, काट्याआड पानी हसते, माही तीज पाह्यत बसते.

दादामियाँ: अन् दौलतबी?

रुपीबाई: ते आतून पाह्यत होती न सारं. पयल्या दिसी बोलली नाई, दुसऱ्या दिसी बोलली नाई. तीज सुकलेली टोपली एका पोरीनं तिच्या दारात नेऊन ठेवली. शिवी नाई, शाप नाई. नुसती ठेवली. तवा ते उठली. नवऱ्याले म्हने, ही वावर-विहीर माह्या लग्नात मले मेहेरमंदी लिहून देल्ली. माही आहे. तू काटे कसे टाकले?

जुवेरिया: मेहेरची होती? दादामियाँ! तिच्या मेहेरची!

दादामियाँ: हे मले... हे अब्बानं कधी सांगितलं नाही.

रुपीबाई: कसं सांगन? त्याच्या आज्यानं काटे टाकले होते! तुमच्या घरात दौलतबीचं पुन्य राह्यलं, काटे आमच्याकडं राह्यले. तिनं काजीले बोलावलं, मानसं बसवले, अन् हातानं काटे काढून विहीर देऊन टाकली. म्हने, आता ना नवऱ्याची, ना पोराची. जो तान्हेला आला त्याले पानी, त्याच्या ढोराले पानी, अन् श्रावनात पोरी आल्या तर पयलं पानी त्याईले.

जुवेरिया: म्हणून तीजेले हेच पाणी लागते.

रुपीबाई: नाई तर काय, ह्याच्यात साखर आहे? अन् भिया, दरसाली तीज बुडवली की गव्हाच्या पात्याची एक जुडी तुह्या घरी येते. कायले येते वाटलं तुले?

दादामियाँ: मले वाटे... शेजारधर्म. ईदेले मी शीरखुर्मा पाठवतो, तुमी तीज पाठवता.

रुपीबाई: ते दौलतबीची आहे. तुह्या घरी देतो, कारन तिचं घर तेच.

दादामियाँ: मी ते बकरीले टाकत होतो.

रुपीबाई: ठाऊक आहे.

जुवेरिया: तुम्हाले ठाऊक होतं, याडी? अन् बोलल्या नाही कधी?

रुपीबाई: देल्लं ते देल्लं. बकरीनं खाल्लं का बोकडानं, आमी कायले पाहू?

जुवेरिया: दादामियाँ, आता हे बघा. मी आज कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून काढलं, म्हणून तर एवढी पेटली होती. वक्फची जुनी सरकारी यादी. तुमच्या जन्माच्या नंतर थोड्याच वर्षांनी पाहणी झाली होती. आपल्या गावासमोर विहिरीची एकच ओळ आहे. वाचू?

दादामियाँ: वाच.

जुवेरिया: "विहीर व चिंचेची झाडे. वाटसरू व गुरांच्या पाण्यासाठी." खाली माहिती देणाऱ्याचं नाव, शेख निजामोद्दीन.

दादामियाँ: अब्बा.

जुवेरिया: तुमच्या अब्बांनी काटे सांगितले नसतीन, पण साहेबापुढं विहीरच सांगितली. कागद नाही, कागद नाही म्हणून तुम्ही घाबरले, अन् कागद होता! आता गुरुवारी साहेब जुनी यादी उघडन अन् आपला फॉर्म उघडन. यादी म्हणते विहीर, साऱ्यांसाठी. फॉर्म म्हणते मस्जिद, वजूसाठी. दोन्ही जुळत नाही. मंग तो काय लिहीन? वादग्रस्त! ढाबेवाल्याले तेच पाह्यजे असते. वाचवाले गेलो अन् आपल्याच हातानं...

दादामियाँ: या अल्लाह.

जुवेरिया: यवतमाळच्या वक्फ कचेरीत दुरुस्तीचा अर्ज देता येतो. मी विचारलं. मुतवल्लीची सही पाह्यजे, अन् वापर दाखवाले साक्षीदार. पहिल्यापासून या विहिरीवर कोण पाणी भरते, त्याईचं लिहून पाह्यजे.

दादामियाँ: साक्षीदार.

रुपीबाई: त्यालेच तर तू सकाळी फाटकातून हाकललं, भिया. दोन उभे होते. घागरीसकट.

दादामियाँ: बोल. बोल अजून. माहा हक नाही तुले थांबवाचा.

रुपीबाई: मले बोलाची हौस नाई. सही लागन तर मी देते, भुरी देते, नायक देते, साऱ्या तांड्याचे आंगठे देते. पन एक ध्यानात घे. तुह्यावर दया म्हनून नाई. ते आमचं पानी आहे म्हनून.

दादामियाँ: मंजूर.

जुवेरिया: मी आताच बोर्ड काढते. पाना आहे का कुठं? नाही तर दगडानं ठोकते.

दादामियाँ: थांब, जुवी. वर मस्जिदीचं नाव आहे. रस्त्यावरून कोणी पाह्यलं की पोरगी मस्जिदीची पाटी फोडून राह्यली...

रुपीबाई: बाजूले मी बसली आहे हे बी पाह्यतीन. मंग संध्याकायपर्यंत गावात काय गोष्ट होईन? तांड्याच्या म्हातारीनं पाटी पाडली. माह्या संजयले घरातून ओढून काढतीन. म्हनून इतक्या येळची मी हात मांडीखाली दाबून बसली आहे, पोरी. नाई तर मी आल्याबराबर काठी घातली असती तिच्यात.

जुवेरिया: मंग काय करायचं? अशीच राहू द्यायची?

दादामियाँ: मुतवल्लीनं लावली. मुतवल्ली काढन. ऊठ, रुपीबाई. जुवी, ते खाट धर. फाटकापाशी लाव.

जुवेरिया: तुम्ही खाटेवर चढणार? गुडघे आहेत का तुम्हाले?

दादामियाँ: धर म्हटलं न! हलवू नको. ...हा एक खिळा. तार वाकवली. दुसरा कुठं आहे?

जुवेरिया: डाव्या हाताले. जपून, दादामियाँ! ओ सुभानकाका, काय पाहून राह्यले? पुढं जा! हो, पाटी काढून राह्यलो! हो, दादामियाँच काढून राह्यले! विचारा त्याईलेच!

दादामियाँ: सुभान, जुम्म्याले नमाजेनंतर थांब. मस्जिदीत मीच सांगीन साऱ्याईले, काहून काढली ते. ...हे घे, जुवी. सांभाळ, पत्रा कापते.

जुवेरिया: मागची बाजू कोरी आहे. यावर नवं लिहिते. "दौलतबीची विहीर, सर्वांसाठी खुली." रंग उरला आहे माह्याजवळ.

रुपीबाई: काई लिवू नको.

जुवेरिया: चांगलं लिहिते, याडी. खरं लिहिते.

रुपीबाई: इतके साल कोनी लिवलं नव्हतं, तरी घागर आन्नाऱ्या बाईले समजत होतं. तू लिवलं तवापासून समजेना झालं. राहू दे.

जुवेरिया: ...बरं. राहू देते.

दादामियाँ: घे चावी. तू उघड, रुपीबाई.

रुपीबाई: मी नाई. लावनाऱ्यानं उघडावं.

दादामियाँ: उघडलं. हे कुलूप, हे साखळी. दोर्‍या जाग्यावर आहेत. थांब, बादली सोडतो. दोन दिवस कोणी शेंदलं नाही, वरचा पाचोळा बाजूले करतो. ...हे घे. थंड आहे. घोटभर पी. दोन शेतं तुडवत आलीस.

रुपीबाई: ठेव तिथं.

दादामियाँ: पी न, बाई. तोंड सुकलं तुहं.

रुपीबाई: सुकू दे. आज तुह्या हातचं नाई पिनार. राग आहे माहा, तो काई कुलपावानी चावीनं उघडत नाई. उद्या पोरी भरतीन, त्याईच्या घागरीतलं पिईन.

जुवेरिया: मी येऊ का घरी, याडी? संगीताशी बोलाले?

रुपीबाई: ये. पन मोठ्यानं बोलू नको. अन् ते पालथी पडली असन तर उठवू नको. बाजूले बसून राय. उठन तवा उठन.

दादामियाँ: रुपीबाई, उद्या पोरी किती वाजता येतात? मी पहाटेची फजर पढून लगेच येतो. फाटकापाशी उभा राह्यतो.

रुपीबाई: कायले उभा राह्यतं? टाइम कायले पाह्यजे तुले? घरी जा, निजून घे. येतीन तवा येतीन.